कुंची घातलेलं फळ

गणपतीचे दिवस आले की आमच्या गल्लीत टपटप सुरू होतं. मोटारींच्या टपांवर, पत्र्याच्या शेडवर, कचऱ्याच्या पिंपांच्या झाकणांवर. विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरात आम्ही राहायला आलो, त्या पहिल्या सप्टेंबरात मी रात्री दोनदा उठून खिडकीशी गेले होते, कुणी खडे मारतंय की काय ते बघायला. सकाळी फुटपाथवर सडा पडलेला. एक फळ उचलून तळहातावर घेतलं. सुपारीएवढं, तपकिरी, गुळगुळीत. आणि त्याच्यावर पार गालांपर्यंत ओढलेली टोपी. टोपीच्या कडेला जाड, कुरळ्या धाग्यांची झालर. आमच्या घरी बारशाला बाळाला घालायची एक कुंची होती, आजीने शिवलेली, अशीच कडेला झालर असलेली. मी ते फळ खिशात टाकलं आणि दिवसभर मधूनमधून हात घालून ती झालर चाचपत राहिले.

झाडाचं नाव बर ओक. शास्त्रीय नाव क्वेर्कस मॅक्रोकार्पा, म्हणजे मोठ्या फळाचा ओक. हे नाव दिलं आंद्रे मिशो या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने. फ्रान्सच्या राजाने त्याला १७८५ मध्ये अमेरिकेत धाडलं होतं, आरमाराच्या जहाजांना उपयोगी पडतील अशी झाडं हुडकायला. पुढे फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, राजा गेला, पैसे यायचे थांबले, तरी मिशो रानं हिंडत राहिला. अमेरिकेतल्या ओकांवरचं त्याचं पुस्तक १८०१ मध्ये पॅरिसला निघालं, आणि त्यात या झाडाची शास्त्राच्या दप्तरी पहिली नोंद झाली.

उत्तर अमेरिकेतल्या सगळ्या ओकांमध्ये सर्वांत मोठं फळ याचंच. मग माझ्या हातातलं सुपारीएवढंच का? कारण हे झाड कॅनडातल्या मॅनिटोबा-सॅस्कॅचेवानपासून थेट टेक्ससपर्यंत पसरलेलं आहे, आणि जसजसं उत्तरेला जावं तसतसं त्याचं फळ लहान होत जातं. टेक्ससमध्ये ते पाच सेंटिमीटरपर्यंत भरतं, चांगल्या लिंबाएवढं. आमच्याकडचा उन्हाळा आखूड, झाडाला फळ पोसायला दिवस कमी. जात एकच, पण प्रत्येक ठिकाणच्या झाडाच्या अंगात त्या जागेचं हवामान मुरलेलं असतं. रोप लावायची वेळ येते तेव्हा या गोष्टीला फार किंमत आहे, ते पुढे येईलच.

मराठी माणसाला ओक म्हटलं की आधी आडनाव आठवतं, मग सिल्व्हर ओक. पण सिल्व्हर ओक हा ओक नव्हेच. तो ऑस्ट्रेलियातून आणलेला, अगदी वेगळ्या कुळातला वृक्ष. सह्याद्रीच्या रानात ओक उगवत नाही. हिमालयात ट्रेकला गेलेल्यांनी बांज पाहिलेला असतो, तो मात्र खरा ओक. माझं बालपण कोकणात गेलं. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं मला चालत्या एसटीतून ओळखता येत. ती कशी ओळखू येतात हे कधी कुणी शिकवलं नाही. घरातल्या माणसांसारखी ती रोज दिसत. इथे आल्यावर पहिल्यांदा कळलं की झाडं न ओळखणारी नजर किती उघडीबोडकी असते. रस्त्याच्या दुतर्फा झाडंच झाडं, आणि मला सगळी मिळून एक हिरवी भिंत दिसायची.

ओळख करून घ्यायची म्हणून मी सगळे करतात तेच केलं. ग्रंथालयातून पुस्तक आणलं, पडलेलं पान उचललं, चित्राशी ताडून पाहिलं. पुस्तकातलं पान सारंगीसारखं होतं: मध्ये दोन्ही बाजूंनी खोल कंबर, वर रुंद, कडा लाटांसारख्या. माझ्या हातातल्या पानाला कंबर होती, पण जेमतेम. त्याच झाडाखालचं दुसरं पान उचललं तर ते अर्धं चिरल्यासारखं. तिसऱ्याला कंबरच नाही. शेवटी मी ती तिन्ही पानं घेऊन शेजारी गेले.

शेजारचे आजोबा ऐंशीच्या घरातले, जन्मभर लाकडी फर्निचर केलेले. निवृत्तीनंतर शनिवार-रविवार जुन्या गवताळ रानांच्या डागडुजीला जातात. त्यांनी पानं बघितलीसुद्धा नाहीत. म्हणाले, “पान सगळ्यात शेवटी बघ. सावलीतलं पान वेगळं, शेंड्याचं वेगळं. आधी झाडाखाली उभी राहा.” मग त्यांनी मला वर्कशॉपमध्ये नेलं. दोन सारख्या जाडीच्या काठ्या काढल्या, एक पेला पाण्याने भरला. पहिल्या काठीचं एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाला तोंड लावून फुंकलं. पाण्यात बारीक बुडबुडे आले. काठी आरपार पोकळ नव्हती, नुसतं लाकूड होतं. “हा रेड ओक. आता ही तू फुंक.” दुसरी काठी मी गाल दुखेपर्यंत फुंकली, पाणी हललं नाही. “हा व्हाइट ओक. बर ओक याच घरातला.”

अमेरिकेतल्या बहुतेक ओकांची ही दोन मोठी घराणी. व्हाइट ओकच्या घराण्यात लाकडातल्या पाणी वाहायच्या नळ्या वय झालं की आतून बुजतात, म्हणून त्याची पिंपं गळत नाहीत. व्हिस्की मुरवायला हेच लाकूड लागतं. रेड ओकच्या नळ्या उघड्या राहतात. पण नळ्या बघायला झाड तोडावं लागेल, तेव्हा बाहेरच्या खुणा बघायच्या. रेड ओकच्या पानाच्या प्रत्येक टोकाला बारीक कुसळ असतं, गव्हाच्या ओंबीला असतं तसं. व्हाइट ओकच्या घराण्यातल्या पानांची टोकं गोल, बिनकुसळाची. रेडचं फळ पिकायला दोन हंगाम लागतात, व्हाइटचं त्याच वर्षी पिकून पडतं. रेडच्या फळाची साल आतून मऊ लवेने मढलेली असते, व्हाइटची आतून गुळगुळीत. हे एकदा समजलं की अर्धं अरण्य आपोआप बाजूला होतं.

मग उरतात भाऊबंद. आमच्या भागात बर ओकशी घोळ होतो तो खुद्द व्हाइट ओकचा आणि स्वँप व्हाइट ओकचा. व्हाइट ओकच्या पानाची बोटं वरपासून खालपर्यंत एकसारखी, सालीचे राखाडी पापुद्रे, फळाची टोपी उथळ, चामखिळींची, झालर नसलेली. शरदात पान लालसर जांभळं होतं. स्वँप व्हाइटचं फळ लांब देठावर लोंबतं, कोवळ्या फांद्यांची साल सोलल्यासारखी सुटते. बर ओकचं फळ फांदीला जवळजवळ चिकटून, टोपी अर्ध्याहून खाली उतरलेली, आणि झालर. शरदात त्याचं पान पिवळसर तपकिरी होतं आणि गळतं, फारसा थाट नाही.

पण मला हे झाड खरं ओळखू यायला लागलं ते हिवाळ्यात. पान नाही, फळ नाही, पायाखाली गुडघाभर बर्फ. अशा वेळी फांद्या बघाव्या. बर ओकच्या कोवळ्या डहाळ्याही जाड, खरबरीत, आणि त्यांच्यावर बुचाच्या उभ्या कडा आलेल्या असतात. बोटांनी दाबलं तर त्या कडा किंचित दबतात. टोकाला कळ्यांचा झुबका, ही सगळ्या ओकांची खूण. बर ओकच्या झुबक्यात मात्र पुष्कळदा केसांसारखे तंतू अडकलेले दिसतात. फांदीवर कधी वाटाण्याएवढ्या टणक गाठी. त्या एका चिमुकल्या गांधीलमाशीने अंडं घातल्यामुळे झालेल्या. उन्हाळ्याच्या शेवटी या गाठींतून गोड रस पाझरतो आणि त्याच्यावर मुंग्यांची रांग लागते. मे महिन्यात पानांबरोबरच पिवळट तुरे लोंबतात, पराग वाऱ्यावर जातो. मादीफूल शोधायला मला दोन वर्षं लागली. पानाच्या बगलेत मोहरीएवढं, लालसर.

हा सगळा अभ्यास होण्याआधीच आम्ही अंगणात एक ‘बर ओक’ लावून बसलो होतो. एका रोपवाटिकेतून आणलेला, नावाची चिठ्ठी बांधलेला, खांद्याएवढा. तिसऱ्या उन्हाळ्यात मी त्याच्यापाशी नीट उभी राहिले. पानाला कंबर नाही, कडेला नुसत्या उथळ लाटा, पाठ पांढुरकी मखमली, आणि कोवळ्या फांदीची साल सुटून कागदासारखी वळलेली. आजोबांनी एकदाच फांदीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “आईच्या टोपीला झालर असेल, पण बाप दुसरा आहे.” ओक वाऱ्याने फळतात आणि एका घराण्यातल्या जाती एकमेकींशी सहज संकर करतात. बर ओक आणि स्वँप व्हाइट यांच्या संकराला स्वतंत्र शास्त्रीय नावसुद्धा आहे. बी गोळा करणाऱ्याने झाड बरोबर ओळखलं असेल. पराग कुठून आला हे त्याला दिसणार नव्हतं. मला त्या वेळी फसवणूक झाल्यासारखं वाईट वाटलं होतं. झाड चांगलं आहे, जोमात आहे, आम्ही ते ठेवलं. पण तेव्हाच ठरवलं की पुढचं रोप बियापासून, माझ्या हाताने, मला माहीत असलेल्या झाडाचं.

ते माहीत असलेलं झाड शोधण्यासाठी आजोबांनी मला आधी युनिव्हर्सिटीच्या अर्बोरेटममध्ये नेलं. तिथून काही उचलायचं नसतं, फक्त बघायचं. तिथल्या विंग्रा सॅव्हानात जुने बर ओक उभे आहेत. त्यांच्या फांद्या बघून मी थबकले. माणसाच्या डोक्याच्या उंचीवरून निघालेल्या, खोडाइतक्याच जाड, जमिनीला समांतर दूरवर गेलेल्या. दाट जंगलात वाढलेलं झाड असं आडवं पसरत नाही. उजेडासाठी ते सरळ वर पळतं आणि खालच्या फांद्या टाकून देतं. ज्या झाडाच्या खालच्या फांद्या आडव्या, ते लहानपणी मोकळ्या माळावर वाढलेलं. आज त्याच्या भोवती कितीही गर्दी असली तरी त्याचा देह सांगतो की इथे एकेकाळी गवत होतं.

आणि गवत होतं, कारण आग होती. मॅडिसनच्या चार तळ्यांच्या या प्रदेशाला इथले मूळ रहिवासी हो-चंक लोक तेजोप म्हणतात. ते शतकानुशतकं गवताला ठरवून आग लावत. नवं लुसलुशीत गवत येई, त्यावर जनावरं येत, वाटा मोकळ्या राहत. या आगीत मॅपलसारखी पातळ सालीची झाडं जळून जात. बर ओक टिके. त्याची साल जाड, बुचाची, खोल भेगांची. आतल्या जिवंत थराला झळ लागू देत नाही. म्हणून गवताचा अथांग माळ आणि त्यात लांब लांब उभे बर ओक, असा देखावा तयार झाला. त्याला इथे ओक सॅव्हाना म्हणतात. १८३२ च्या तहात हो-चंकांना ही जमीन सोडायला भाग पाडलं गेलं. गोरे वसाहतवाले आले, नांगर आले, रस्ते आले आणि आगी थांबल्या.

या रानाचं जुनं रूप आज कळतं ते सरकारी मोजणीच्या वह्यांमुळे. विस्कॉन्सिनची मोजणी १८३२ ते १८६६ या काळात झाली. मोजणीदार दर अर्ध्या मैलावर खुंट रोवत आणि खुंट हरवला तर जागा सापडावी म्हणून जवळच्या झाडांची जात, जाडी, दिशा आणि अंतर वहीत लिहीत. या झाडांना साक्षीची झाडं म्हणत. आपल्याकडेही जुन्या कागदांत गावाच्या शिवेवरचा वड, चिंच साक्षीला उभे असतात, तसेच हे. त्या वह्यांमध्ये पानोपानी बर ओक आहे, आणि खुंटापासून झाड किती दूर आहे हे आकडे वाचले की माळ किती मोकळा होता ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

मध्य-पश्चिमेतल्या राज्यांमध्ये मिळून अशी ओक सॅव्हाना एक कोटी हेक्टरांहून जास्त होती. १९८५ मध्ये तिची मोजदाद झाली तेव्हा चांगल्या स्थितीत उरलेली ०.०२ टक्के भरली. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा दशांशचिन्ह चुकलं असेल असं वाटून पुन्हा वाचला. नुसती कुऱ्हाड याला कारण नाही. पुष्कळ ठिकाणी झाडं तोडलीच नाहीत, फक्त आग थांबवली. मग सावलीत वाढणारी झाडं दाटली, गवत मेलं, आणि जुन्या ओकांच्या खालच्या फांद्या अंधारात वाळून गेल्या. बाहेरून बघणाऱ्याला ते घनदाट हिरवं जंगल दिसतं आणि बरं वाटतं. आपल्याकडे याच्या उलट वाटेने तेच झालं. पुणे-सोलापूरकडची माळरानं सरकारदरबारी ‘पडीक’ ठरली, आणि त्यांच्यावर झाडं लावणं म्हणजे पुण्य असं आपण शाळेपासून शिकलो. माळ हाही एक पूर्ण संसार असतो, हे मला इथे बर ओकच्या बुंध्याशी उभं राहून कळलं, याचं वाईटही वाटतं.

आग थांबल्यावर एक वेगळीच गोष्ट उघड झाली. गवतात ठिकठिकाणी ओकची गुडघाएवढी झुडपं होती. दरवेळी आगीत त्यांचा शेंडा जळे, दरवेळी बुडातून नवा फुटे. वर दोन वर्षांची काडी, खाली शंभर वर्षांचं असू शकेल असं गाठाळ मूळ. याला इथले शेतकरी ‘ग्रब’ म्हणत आणि नांगरताना त्यांच्या नावाने कपाळाला हात लावत. निसर्गलेखक जॉन म्यूर १८४९ मध्ये अकरा वर्षांचा असताना स्कॉटलंडहून विस्कॉन्सिनला आला. बालपणीच्या आठवणींत त्याने लिहून ठेवलं आहे की आगी बंद होताच हे ग्रब वाढले आणि मोकळं रान बघता बघता चालता येऊ नये इतकं दाट झालं. पुढे आल्डो लिओपोल्ड यांनी विस्कॉन्सिन नदीकाठी एक नापीक झालेलं शेत घेतलं आणि तिथल्या अनुभवांवर लिहिलं. त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभराने, १९४९ मध्ये, निघालेल्या ‘सँड काउंटी अल्मनॅक’मध्ये बर ओकवर स्वतंत्र लेख आहे. माळ आणि जंगल यांच्या जुन्या लढाईत आघाडीवरचा शिपाई हाच, असं ते सांगतात.

एप्रिलमधल्या एका दिवशी आजोबांच्या गटाने एका खाजगी रानात ठरवून आग लावली, तेव्हा मी काठावर पाण्याची पाठपिशवी घेऊन उभी होते. कोरड्या गवतातून आग कमरेएवढी होऊन सरसरत आली, बर ओकच्या बुंध्याला वेढा घातला आणि दोन मिनिटांत पुढे गेली. तासाभराने मी खोडाला हात लावला. बोटांना काजळी लागली. भेगेत बोट घातलं, पेर बुडेपर्यंत, आत साल थंडगार होती. एका कोळ्याने तिथे जाळं केलेलं होतं आणि तो जागच्या जागी बसलेला होता.

आता लागवड. पहिल्या वर्षी मी गल्लीतल्या एका म्हाताऱ्या झाडाखालून चाळीस फळं आणली. स्वच्छ धुतली, पुसली आणि आपण सगळंच बी वाळवून ठेवतो तसं तबकात पसरून हीटरच्या वरच्या फळीवर ठेवली. चार दिवसांनी तबकात पांढऱ्या, लठ्ठ अळ्या वळवळत होत्या आणि सात-आठ फळांना सुईने पाडावं तसं गोल भोक. ओकच्या फळात एक लांब सोंडेचा किडा अंडी घालतो, तांदळातल्या सोंड्यांचाच भाऊबंद. ती फळं टाकली. उरलेली दिवाळीपर्यंत हलवली की खुळखुळायला लागली. वसंतात कुंड्यांमध्ये लावली. एकही उगवलं नाही.

आईला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प बसली, मग म्हणाली, “अगो, आठळी कधी वाळवून रुजते का? आणि आंब्याची कोय?” तिने ओकचं झाड जन्मात पाहिलेलं नाही. पण तिचं बरोबर होतं. फणसाची आठळी, आंब्याची कोय आणि ओकचं फळ ही एका स्वभावाची बियाणी. ओल गेली की त्यांचा जीव गेला. आमच्याकडे पावसाळ्यात भाजीला आठळ्या लागतात म्हणून आई त्या माती लावून, गारव्याला ठेवते, ती ओल टिकावी म्हणूनच. मी हे लहानपणी दर वर्षी पाहिलं होतं आणि इथे येऊन तबक काढलं होतं.

दुसऱ्या वर्षी तिच्याच पद्धतीने केलं. झाडावरून नुकती पडलेली फळं घेतली, टोप्या काढल्या, बादलीभर पाण्यात टाकली. साठातली बावीस तरंगली, ती किडलेली किंवा पोकळ. बुडालेली ओलसर वाळूत कालवून पिशवीत भरली आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवली. उत्तरेकडच्या बर ओकला रुजण्याआधी गारठा लागतो, निदान महिना-दोन महिने. फेब्रुवारीत पिशवी उघडली तर बऱ्याच फळांची टोकं फाटून पांढरी मुळं बाहेर आली होती, काही करंगळीएवढी. वर कोंबाचा पत्ता नाही. बाहेर उणे वीस, फ्रिजमध्ये अंधार, आणि मूळ आपलं चाललेलं.

या झाडाचा सगळा जोर आधी खाली असतो. नेब्रास्का विद्यापीठातल्या वीव्हर आणि क्रेमर यांनी १९३२ मध्ये बर ओकच्या मुळांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी खंदक खणून मुळं उघडी केली होती. पहिल्याच हंगामाच्या शेवटी रोपाचं सोटमूळ साडेचार फूट खोल गेलेलं; तेव्हा वरचं रोप वीतभरही नसतं. पासष्ट वर्षांच्या एका झाडाचं सोटमूळ चौदा फूट खोल, आणि आडवी मुळं साठ फुटांपर्यंत पसरलेली. गवताची मुळं जिथे संपतात त्याच्या खालचं पाणी ओकला हवं असतं. म्हणून वर्षानुवर्षं वर काडी आणि खाली खाण.

हे वाचायच्या आधी मी रोपं साध्या प्लॅस्टिकच्या कुंड्यांत लावली होती. जुलैत एक काढून बघितलं. वर चार सुंदर पानं, आणि खाली कुंडीच्या तळाशी सोटमुळाने चकलीसारखे वेढे घेतलेले. असं झाड जमिनीत लावलं तरी ते वेढे सुटत नाहीत. पुढे तेच जाड होऊन एकमेकांना आवळतात. तेव्हा तिसऱ्या वर्षी दुधाचे उंच कागदी खोके घेतले, तळ कापून टाकला आणि खोके जमिनीपासून वर, तारेच्या जाळीवर मांडले. मूळ खाली येतं, हवा लागते, टोक तिथेच सुकतं आणि वरून आडवी मुळं फुटतात. मातीत गल्लीतल्या त्या म्हाताऱ्या झाडाखालची दोन मुठी माती मिसळली. ओकच्या मुळांना चिकटून राहणाऱ्या बुरशा असतात, त्या त्याला पाणी आणि क्षार आणून देतात, आणि त्या बुरशीचं विरजण जुन्या मातीत असतं.

खरं सांगायचं तर सर्वांत चांगली उगवली ती ऑक्टोबरात थेट जमिनीत लावलेली. इंचभर खोल, फळ आडवं. त्यावर तारेची जाळी घट्ट दाबून, कारण खारी सोडत नाहीत. खारीला माहीत असतं की व्हाइट ओकच्या घराण्यातलं फळ सहसा शरदातच रुजायला लागतं आणि मग तिचा साठा वाया जातो. म्हणून पुरून ठेवण्याआधी ती पुष्कळदा दाताने त्यातला अंकुर तेवढा कुरतडून काढते. रेड ओकचं फळ वसंतापर्यंत रुजत नाही, ते ती तसंच पुरते. हे मी आमच्या पायरीवर बसलेल्या एका खारीला करताना पाहिलं: फळ दोन हातांत फिरवलं, टोकाशी एक चावा, थुंकल्यासारखं केलं, आणि गुलाबाच्या आळ्यात पुरलं.

बी कुठलं घ्यावं, याचं उत्तर एवढंच: जवळचं. टेक्ससचं मोठं फळ बघून मोह होतो, पण त्यातून आलेलं रोप आमच्या थंडीच्या आधी वेळेत झोपी जाणार नाही, कोवळं लाकूड पहिल्या कडाक्यात मरेल. बर ओक उणे तीसच्या खालची थंडी सोसतो म्हणतात, ते उत्तरेत जन्मलेल्या बर ओकविषयी. आणि जागा अशी निवडावी की जिथे दोनशे वर्षं कुणी तार ओढणार नाही. मोकळ्यावर याचा पसारा उंचीएवढाच होतो. आम्ही घरापासून चाळीस फूट मोजून खुंटी मारली.

झाडाला शत्रू नाहीत असं नाही. ओक विल्ट नावाची एक बुरशी आहे, तिने रेड ओक काही आठवड्यांत मरतो. बर ओक पुष्कळदा तग धरतो, पण ताजी जखम दिसली की रस चाटायला येणारे भुंगे ती घेऊन येतात, म्हणून एप्रिल ते जुलै ओकची फांदी कापायची नाही, हा इथला नियम मी आल्या-गेल्याला सांगते. आणखी एक रोग खास बर ओकचाच. त्याच्या बुरशीला आयोवा राज्याच्या नावावरून नाव दिलं गेलं. पान शिरेच्या बाजूने पाचरीसारखं तपकिरी होतं, आणि मेलेले देठ हिवाळाभर फांदीवर लटकून राहतात. त्या देठांतच बुरशी दबा धरून असते. आमच्या गल्लीतल्या एका झाडावर मला असे देठ दिसलेत, आणि दर जानेवारीत मी वर बघून ते वाढले का ते मोजते.

किडे मात्र शत्रूत धरू नयेत. पूर्वेकडच्या मध्य-अटलांटिक भागात कीटकतज्ज्ञ डग टॅलमी यांनी कुठल्या झाडावर कोणत्या पाकोळ्या-फुलपाखरांच्या अळ्या जगतात याची यादी केली. ओकांवर ५३४ जाती निघाल्या, कुठल्याही झाडापेक्षा जास्त. पिलांना भरवायला पक्ष्यांना अळ्याच लागतात. माझ्या वीतभर रोपाच्या पानांना पहिल्याच जूनमध्ये भोकं पडली, तेव्हा फवारायला काही आणलं नाही.

मिझूरी राज्यात मॅकबेन गावाजवळ शेताच्या मधोमध एक एकटा बर ओक आहे. साडेतीनशे वर्षांच्या आसपासचा. १९९३ च्या महापुरात तो पाण्यात उभा होता. २०२० च्या ऑक्टोबरात त्याच्यावर वीज पडली, पोटातून धूर यायला लागला, आणि अग्निशमन दलाच्या लोकांनी बुंध्याला भोक पाडून आतली आग विझवली. पुढच्या वसंतात त्याला पालवी आली. एवढ्या लांब गाडी चालवत मी एकदा ते बघायला गेले. दुसरेही लोक आले होते, शेताच्या रस्त्याकडेला गाड्या लावून, कुणी खोडाला हात लावून उभे, कुणी नुसते बसलेले. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. पायाशी पडलेलं एक फळ मी उचललं. झालर होती, आणि आमच्यापेक्षा ते चांगलंच मोठं होतं. उत्तरेत चालायचं नाही म्हणून तिथेच ठेवलं.

माझ्या अंगणातलं रोप तिसऱ्या वर्षी टाचेपासून गुडघ्यापर्यंत आलं होतं. डिसेंबरात बर्फ इतका पडला की तारेची जाळी बुडाली, आणि सशाला वरून सोपं झालं. मार्चमध्ये बर्फ उतरल्यावर दिसलं की कात्रीने कापावा तसा तिरका छेद, आणि जमिनीवर दोन बोटं काडी. मी आजोबांना बोलावलं. ते आता काठी टेकत येतात. त्यांनी वाकून माती थोडी बाजूला केली, बुडाशी नखाने खरवडलं, हिरवं दिसलं, आणि माती पुन्हा सारखी करून म्हणाले, “जाळी उंच कर. बाकी त्याला ठाऊक आहे.”

मेच्या तिसऱ्या आठवड्यात मातीतून दोन कोंब आले, एकमेकांपासून बोटभर अंतरावर. पानं अजून घडी घातलेली, लवदार, राखाडी गुलाबी. दोन्हींतला एक पुढे काढावा लागेल, म्हणजे दुसऱ्याला सरळ वाढता येईल. आईला फोटो पाठवला आणि कुठला ठेवू विचारलं. तिने दोन्ही मोठे करून पाहिले आणि लिहिलं, “गणपतीपर्यंत थांब.”